बॉस, पाचवी सायकल कुठाय?

शनिवारी सकाळी सहाच्या सुमाराला पुण्याच्या चांदणी चौकात नाहीतर मुंबईत वाशीच्या पुलाजवळ जरा उभं राहून बघा. अधूनमधून एखादी गाडी अशी जाते, की तिच्या पाठीवर दोन-तीन सायकली लटकलेल्या असतात. वाऱ्याने चाकं आपोआप फिरतायत, मागच्या सीटवर पोरं पेंगतायत आणि स्टिअरिंगवरच्या बाबाच्या चेहऱ्यावर ‘आम्ही माउंटन बाइकिंगला चाललोय’ असा सॉलिड भाव! एक्स्प्रेस-वेवर सायकल चालवायला बंदी. पण तीच सायकल गाडीच्या पाठीवर बसली की रुबाबात सगळ्या दुचाक्यांच्या नाकावर टिच्चून जाते. आहे की नाही गंमत?

आपण सायकलवर बसायचं, की सायकलीला गाडीवर बसवायचं? घरातली मोठी माणसं हा प्रश्न विचारतातच. त्यांना सांगा, हे काही नवीन फॅड नाही. माउंटन बाइकिंग हा खेळच मुळी गाडीत बसून जन्माला आलाय. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत सत्तरच्या दशकात काही अवली पोरं जाड टायरच्या जुन्या सायकली पिकअप ट्रकमध्ये टाकून डोंगरावर न्यायची आणि मातीच्या रस्त्याने सुसाट खाली यायची. २१ ऑक्टोबर १९७६ ला त्यांनी पहिल्यांदा घड्याळ लावून रेस घेतली. तिचं नाव ‘रिपॅक’. उतारावर ब्रेक इतका तापायचा, की हबमधलं ग्रीस जळून जायचं आणि ते पुन्हा भरावं लागायचं, म्हणून हे नाव. गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली ही आज सायकलवेड्यांच्या तोंडी असलेली नावं त्याच टोळीतली.

म्हणजे गाडी आणि माउंटन बाइक यांचं लग्न पन्नासेक वर्षांचं आहे. आपल्याकडे मात्र ते आत्ता कुठे जमतंय. आणि नव्या संसारात जशी भांड्याला भांडी लागतात, तशी इथे सायकलीला सायकली लागतात. शब्दशः!

वसमतचा प्लॅन

मी मूळची वसमतची. हिंगोली जिल्ह्यातलं, हळदीच्या मोंढ्यासाठी प्रसिद्ध असलेलं गाव. २०२४ मध्ये ‘वसमत हळद’ला जीआय टॅग मिळाला, तेव्हा माझ्या ऑफिसातल्या मित्रमैत्रिणींना पहिल्यांदा कळलं की हे गाव नकाशावर आहे. गावाची जमीन काळीभोर आणि सपाट. सायकल शिकायला जगात याहून चांगली जागा नाही. पण डोंगर? त्यासाठी औंढा नागनाथच्या बाजूला जायचं. पंचवीस-तीस किलोमीटरवर काळी जमीन संपते, मुरमाड टेकड्या सुरू होतात आणि गाडीवाटा वर चढायला लागतात. याच औंढ्याजवळ ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहायची आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा असलेली. केंद्र सरकारने २०२३ मध्ये तिला अंतिम मंजुरी दिली. अशा वेधशाळेला जमीन शांत लागते. आमच्याकडे तिची कमी नाही.

२६ जानेवारीला जोडून सुट्टी मिळाली आणि दादाने डिक्लेअर केलं, ‘यावेळी गावाला सायकली घेऊन जायचं. पोरांना औंढ्याच्या टेकड्या दाखवायच्या.’ दादा आयटीत, वहिनी बँकेत, भाची बारा वर्षांची, भाचा आठ वर्षांचा आणि पाचवी मी, म्हणजे फुकटात सुट्टी मिळाली की नाही न म्हणणारी आत्या!

‘मग वसमतहून औंढ्याला सायकलवरच जा की,’ असं फोनवर बाबा म्हणाले. मुद्दा बरोबर. पण दोन पदरी रस्ता, उसाचे ट्रॅक्टर, ट्रक, एसटी आणि त्यात आठ वर्षांचं पोरगं? नको रे बाबा! फॅमिली ट्रिपला सायकली गाडीतून न्यायच्या त्या चैन म्हणून नाही. पोराने हायवेवर जीव मुठीत धरून पायडल मारण्याऐवजी टेकडीवर बिनधास्त चालवावी म्हणून.

गणित सायकलीचं

तर मंडळी, सायकली न्यायच्या तीन पद्धती. एक, डिकीच्या दाराला पट्ट्यांनी बांधायचं कॅरिअर. स्वस्त आणि मस्त. दोन किंवा तीन सायकली मावतात. घेण्याआधी एवढंच बघायचं की ते आपल्या गाडीच्या दारावर नीट बसतंय ना. बोलेरोसारखी स्टेपनी मागच्या दारावर असेल, तर साधं कॅरिअर बसत नाही. दोन, टपावरचं कॅरिअर. दिसायला एकदम फिल्मी! पण सायकल उभी केली की गाडीची उंची अडीच मीटरच्या पार जाते. मॉलचं पार्किंग, रेल्वेचा बोगदा, गावातल्या गल्लीत लोंबणाऱ्या विजेच्या तारा, सगळीकडे मान वर करून बघायचं. शिवाय टपावर किती वजन चालतं ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं, तेही वाचायचं. तीन, सगळ्यात साधी. मागच्या सीट पाडायच्या, पुढचं चाक काढायचं आणि सायकल आत टाकायची.

पुढचं चाक काढणं हा या सगळ्यातला खरा फंडा. माउंटन बाइकची लांबी साधारण पावणेदोन ते एक पंचाऐंशी मीटर. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांची रुंदी एक साठ ते पावणेदोन मीटर. म्हणजे सायकल मागे आडवी टांगली, की तिची चाकं दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावणार आणि शेजारून जाणाऱ्या बाइकवाल्याच्या गुडघ्याचा मुका घेणार. पुढचं चाक काढलं की तीच सायकल दीड मीटरच्या आसपास येते. प्रॉब्लेम सॉल्व्ह! आणि हा प्रॉब्लेम खिशाशीही संबंधित आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये जी दुरुस्ती झाली, तिच्यात माल गाडीच्या बाहेर मर्यादेपलीकडे आला तर वीस हजार रुपये दंडाची तरतूद आहे. नंबर प्लेट आणि मागचे दिवे झाकले जाणार नाहीत हेही बघायचं. वीस हजारात एक बरी सायकल येते, बॉस.

आता थोडं शाळेतलं फिजिक्स. घाबरू नका, पेपर नाही! पंधरा किलोची सायकल ८० च्या स्पीडने जाणाऱ्या गाडीवरून सुटली, तर तिच्यात किती जोर असतो? साधारण पंचवीस मीटरवरून, म्हणजे आठव्या मजल्यावरून खाली टाकलेल्या सायकलीत असतो तेवढा. मागून येणाऱ्या बाइकवर नवरा-बायको आणि मध्ये पोर असं कुटुंब असेल, तर? कॅरिअर घेताना रंग बघायचा की पट्टे, याचं उत्तर इथेच मिळतं. हवेचंही तसंच. स्पीड ६० वरून ९० वर नेला तर हवेचा विरोध सव्वादोन पट होतो. टपावर सायकली असतील, तर पेट्रोलचा काटा ते सांगतोच. म्हणून सायकली लादल्या की गाडी सत्तरच्या आसपास. कुणी हॉर्न मारत पुढे गेला, तर जाऊ द्यायचा. त्याच्या गाडीवर सायकल नाहीये.

‘राहू दे माझी’

निघायच्या आदल्या रात्री सोसायटीच्या पार्किंगमध्ये लोडिंग सुरू झालं. मागच्या कॅरिअरवर तीन जागा. दादाची गिअरवाली, भाचीची आणि माझी. भाच्याची छोटी सायकल आत, बॅगांच्या वर. झालं? झालं. डिकी भरली, दादाने हात झटकले.

एक सायकल भिंतीला टेकून उभी होती.

वहिनीची. २०२० च्या लॉकडाउनमध्ये सगळ्यांनी घेतल्या तशी तिनेही हौसेने घेतली होती. नंतर बाल्कनीत उभी राहिली आणि तिच्यावर टॉवेल वाळायला लागले. वहिनी तिच्याकडे बघून पटकन म्हणाली, ‘राहू दे माझी. तसंही गाडी कुणीतरी आणायला हवीच ना. मी गाडी घेऊन मागून येईन.’ दादा म्हणाला, ‘हो, तेही बरोबर आहे.’

भाचा म्हणाला, ‘मग मम्मा काय करणार?’

‘मम्मा डबा सांभाळणार,’ असं त्याच्या ताईने सांगूनही टाकलं. अगदी सहज.

मला तिथे क्लिक झालं. कुणीही वहिनीला ‘तू येऊ नको’ म्हटलं नव्हतं. कुणी भांडलं नव्हतं. फक्त हुक तीन होते. घरात जागा कमी पडली की कुणाची वस्तू आधी खाली उतरते, हे ठरवायला मीटिंग लागत नाही. ते ठरलेलंच असतं! आपण ज्याला ‘फॅमिली बाइकिंग ट्रिप’ म्हणतो, त्यात बाई बऱ्याचदा ड्रायव्हर, कॅमेरामन आणि कॅन्टीन अशा तीन पोस्ट एकटी सांभाळते. फोटोत सगळे असतात, फोटो काढणारी नसते.

आणि ही बाई कोण, तर शाळेला रोज जाऊन-येऊन आठ किलोमीटर सायकल मारलेली. गावात ज्युनियर कॉलेज नव्हतं, सायकल होती म्हणून तिचं बारावीपर्यंतचं शिक्षण झालं आणि पुढे बँकेची परीक्षा. आजही मुलींच्या शिक्षणात सायकल काय करते, हे सरकारलाही ठाऊक आहे. राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांसाठी मानव विकास कार्यक्रम आहे, त्यातून शाळा लांब असलेल्या गरजू मुलींना सायकली मिळतात. गावाकडे सकाळी निघा, दोन वेण्या घातलेल्या मुलींची सायकलवरची रांग दिसेल. त्या मुलींना ‘तुला येते का सायकल?’ असं कुणी विचारत नाही. मग लग्नानंतर हा प्रश्न कुठून येतो?

मी म्हटलं, ‘दादा, सगळं उतरव. परत लावू.’ दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण उतरवलं.

पाना घेऊन पाचही सायकलींची पुढची चाकं काढली. पायडल काढले. एक लक्षात ठेवा, डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. नेहमीच्या दिशेने जोर लावत बसलात तर तो आणखी घट्ट होतो. गिअरच्या सायकलीची चेन मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रावर आणली, म्हणजे बाहेर आलेला डेरेलर आत सरकतो आणि वाकायची भीती कमी. डिस्क ब्रेकच्या पॅडमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा. हँडल फिरवून दांडीला समांतर. गाडीची सगळ्यात मागची सीट पाडली आणि दोन सायकली आत, गिअरची बाजू वर करून, बेल्टने सीटच्या हुकांना पक्क्या. बॅगा पायाशी. बाहेर तीन, आत दोन. एकूण पाच! वेळ किती लागला? पाऊण तास. एवढ्याच पाऊण तासासाठी एक माणूस ट्रिपमधून कटाप होणार होतं.

मोंढ्यातला मास्टर क्लास

पुण्याहून वसमत चारशेच्या वर किलोमीटर. नगरहून पुढे पाथर्डी, माजलगाव, परभणी करत कल्याण-निर्मल महामार्ग थेट आमच्या गावातूनच जातो. वाटेत चहाच्या प्रत्येक टपरीवर एकच प्रश्न, ‘सायकली इकायला चालल्या का?’ परभणीच्या पुढे तर एकाने माझ्या सायकलीचा भावही केला. बरा देत होता, खरं सांगते!

बाबांनी आयुष्यभर मोंढ्यात आडतीच्या दुकानावर हिशेब लिहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी औंढ्याला निघण्याआधी ते आम्हाला मोंढ्यातच घेऊन गेले. तिथे एक हमाल काका आहेत. बाबांचे जुने दोस्त. त्यांनी गाडीला एक चक्कर मारली, कॅरिअरला हाताने हिसका दिला आणि म्हणाले, ‘पट्टे चांगले हायत. पण सायकल सायकलीला घासायली की वो.’

मग त्यांनी जे केलं ते कुठल्याही व्हिडिओत मी बघितलं नव्हतं. हळदीच्या बारदान्याचे चार तुकडे आणले. प्रत्येक दोन सायकलींच्या मध्ये, जिथे दांडी दांडीला लागत होती, तिथे गुंडाळून सुतळीने आवळले. मोकळी चाकं एकत्र बांधली. मग एक दोर सगळ्या सायकलींतून ओवून कॅरिअरच्या लोखंडाला वेगळा बांधला. ‘पट्टा तुटला तर दोर धरंल. दोर तुटला तर पट्टा धरंल. एकावर भरोसा ठिवायचा नाही.’ आणि शेवटी, ‘पाच किलोमीटरवर थांबून परत हात लावून बघायचं. माल पहिल्या पाच किलोमीटरात बसतो. तवाच बंद ढिले पडतेत.’

ट्रकच्या ट्रक हळद लादणाऱ्या माणसाचा हा सल्ला. पैसे विचारले तर हसले. चहा मात्र घेतला. पाच किलोमीटरवर दादाने गाडी थांबवली, हात लावून बघितला. मधला पट्टा खरंच बोटभर ढिला झाला होता.

गाडी कोण आणणार?

सायकली पाच झाल्या तरी वहिनीचा प्रश्न शिल्लक होताच. गाडी कोणीतरी आणायला हवीच. रिपॅकवाल्या पोरांचाही ट्रक आपोआप खाली येत नव्हता!

याचं उत्तर आपल्या नाशिकवाल्यांनी कधीच दिलंय. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ दोघांची टीम म्हणून पूर्ण केली. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत, साधारण ४,८०० किलोमीटर. दोघांच्या टीममध्ये एकजण सायकलवर असतो, तेव्हा दुसरा गाडीत विश्रांती घेतो. मग अदलाबदल. गाडीत बसणं ही तिथे शिक्षा नसते आणि कुणा एकाची कायमची ड्यूटीही नसते. ती पाळी असते.

आम्हीही पाळ्या लावल्या. पहिली पाळी दादाची. त्याने तोंड जरा वाकडं केलं, पण चावी घेतली. टेकडीच्या पायथ्याशी चाकं बसवली, नट आवळले, ब्रेक तपासले. हे जोडल्यावर तपासणं मस्ट आहे. चाक नीट बसलंय का हे उतारावर कळून उपयोग नाही! हेल्मेट घातली आणि निघालो. चढावर वहिनी सगळ्यात मागे. दोनदा उतरून सायकल ढकलली. भाची वरून ‘मम्मा, गाडी बोलावू का?’ म्हणून ओरडत होती. वहिनी काही बोलली नाही. दम लागला होता.

मग उतार आला. मुरूम, मध्ये चाकोरीचे खड्डे, एका बाजूला बोरीची झुडपं. भाची वरच थबकली. वहिनीने ब्रेकवर दोन-दोन बोटं ठेवली, सीटवरून जरा उठली, दोन्ही पायडल एका लेव्हलला घेतले आणि शांतपणे खाली गेली. एकही पाय जमिनीला न लावता. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पावसाळ्यातल्या चिखलाच्या रस्त्यावरून रोज शाळेत जाताना अंगात मुरलेलं होतं ते.

भाची वरून बघत होती. मग म्हणाली, ‘मम्माला येतं!’ आश्चर्याने. बारा वर्षं तिने आईला डबा, गाडी, बँक, होमवर्क सगळं सांभाळताना बघितलं होतं. सायकलवर मात्र पहिल्यांदाच. त्यानंतर वहिनीने तिला ती लाइन तीनदा दाखवली आणि चौथ्यांदा भाची एकटी उतरली. पायथ्याला दादा गाडीला टेकून फोटो काढत होता. यावेळी त्याचाच फोटो नाही आला. बिचारा!

तर, या वीकेंडला...

तुम्ही औंढ्याला जा, सिंहगडाच्या पायथ्याला जा, नाहीतर गावाकडच्या कुठल्याही टेकडीवर. महागडं कॅरिअर नसेल तर अडत नाही. एक पाना, दोन बेल्ट, एक दोर आणि जुनं पोतं एवढ्यावर काम होतं. जागा नसेल तर चाकं काढा. तरीही मावल्या नाहीत तर दोन फेऱ्या मारा, तिथल्या कुणाची तरी सायकल तासाभरासाठी मागा, पाळीपाळीने एकीवर चालवा. गावाकडे सायकलला कुणी नाही म्हणत नाही.

फक्त लोडिंग संपल्यावर, डिकी बंद करायच्या आधी, एकदा मोजा. माणसं किती आणि सायकली किती? आकडा जुळत नसेल, तर भिंतीला टेकलेली सायकल कुणाची आहे ते बघा. ‘राहू दे माझी’ असं ती व्यक्ती म्हणेलच.

तुम्ही मात्र पाना काढा!